घरातले कागद आणि फोनमधल्या फाइली : एकाच वहीत कसे लावावे

जात पडताळणीचा अर्ज भरायची वेळ आली की घरातल्या कागदांची परीक्षा होते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या ट्रंकेत, वडिलांचा जातीचा दाखला शहरातल्या कपाटात, मुलीच्या दाखल्याची पीडीएफ कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर आणि तिचीच एक प्रत झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर. सगळं असतं, फक्त शेवटची तारीख उलटेपर्यंत एका जागी येत नाही.

खाली दिलेली पद्धत साध्या घरासाठी आहे. चार-पाच माणसं, एक फ्लॅट किंवा गावाकडचं घर, थोडी जमीन, दोन-तीन बँकखाती. तिचा गाभा एवढाच, की कपाटाची वर्गवारी एक आणि फोनची दुसरी असं करायचं नाही. दोन्हीकडे कप्पे तेच, क्रमांक तेच, नावं तीच. आणि दोन्हींना जोडणारी एक वही.

पायरी १ : आधी नुसते गोळा करा

लावायला बसू नका. एका रविवारी सगळे कागद एका सतरंजीवर आणा. कपाटाचा खण ही सोपी जागा झाली. गादीखाली, देव्हाऱ्यामागे, कॅलेंडरच्या खिशात, जुन्या पर्समध्ये, मुलांच्या प्रगतिपुस्तकांच्या पिशवीत आणि गाडीच्या डिकीतही बघा. गावाकडच्या ट्रंकेसाठी वेगळी फेरी लागेल, ती याच महिन्यात करा.

फोनवरही हेच. संगणकावर किंवा गूगल ड्राइव्हवर ‘आवक’ नावाचं एक फोल्डर करा आणि ईमेल, व्हॉट्सॲप, डाउनलोड्स, फोटो गॅलरी यांतून कागदांशी संबंधित जे सापडेल ते त्यात टाका. घरातल्या प्रत्येकाचा फोन धुंडाळायचा आहे. सासूबाईंच्या पेन्शनचे कागद बहुतेक वेळा सासूबाईंच्या फोनवर नसतात, भाच्याच्या फोनवर असतात.

यात एक जागा सगळे विसरतात. ज्या दुकानातून तुम्ही प्रिंट आणि स्कॅन काढता, तिथल्या संगणकावर तुमची आधार, पॅन आणि पासबुकं पडून असतात. यापुढे काम झालं की समोर उभं राहून फाइल काढून टाकायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. जिथे बारा आकडी आधार क्रमांक पूर्ण लागत नाही, तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

पायरी २ : मूळ कुठलं ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मूळ आणि प्रत हा फरक पूर्वी सरळ होता. शिक्का-सही असलेला कागद मूळ, बाकी झेरॉक्स. आता तीन प्रकार झालेत.

पहिला प्रकार कागदावरच जन्मलेल्यांचा. नोंदणीकृत खरेदीखत, हक्कसोडपत्र, जुनी प्रमाणपत्रं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. यांचं मूळ कागदच. तुम्ही केलेला स्कॅन ही सोय आहे, पुरावा म्हणून त्याचं वजन कमी. अशा प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स ठेवा आणि बाकीच्या सात फाडून टाका.

दुसरा प्रकार फाइल म्हणूनच जन्मलेल्यांचा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ई-आधार, ई-विमा पॉलिसी. इथे मूळ म्हणजे ती पीडीएफ. तिची प्रिंट काढून, ती प्रिंट पुन्हा स्कॅन करून ‘सातबारा फायनल’ म्हणून ठेवणारे लोक मूळ हातात असताना प्रत तयार करतात. डिजिटल सही फाइलमध्ये असते. स्कॅन केलेल्या चित्रात ती राहत नाही, नुसता तिचा ठसा दिसतो. म्हणून उतरवलेली फाइल जशीच्या तशी जपायची. महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. सरकारी किंवा कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा लागतो, त्याला १५ रुपये पडतात. दोन्ही दिसायला इतके सारखे की एकाच फोल्डरमध्ये पडले तर हमखास चुकीचा उचलला जातो. विनास्वाक्षरीचे सरळ उडवून टाका, हवे तेव्हा पुन्हा दिसतातच.

तिसरा प्रकार डिजिलॉकर, म्हणजे कागद फोनवर ठेवायचं सरकारी ॲप. त्यात दोन खण आहेत आणि ते वेगळे आहेत हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ‘इश्यूड’मध्ये जे येतं ते थेट देणाऱ्या खात्याकडून येतं आणि कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं मानलं जातं. ‘अपलोडेड’मध्ये तुम्ही स्वतः टाकलेला फोटो असतो, त्याची किंमत झेरॉक्सइतकीच. वाहनपरवाना डिजिलॉकरमध्ये आहे म्हणणाऱ्याने आधी तो कुठल्या खणात आहे ते बघावं.

पायरी ३ : पाच कप्पे, जास्त नकोत

१ माणसं. २ घर-जमीन. ३ पैसा. ४ तब्येत. ५ गाड्या आणि वस्तू. याशिवाय ० म्हणजे ‘चालू’ : ज्याचं काम अजून संपलेलं नाही असं सगळं.

कपाटात पाच बॉक्स फाइली, ड्राइव्हवर पाच फोल्डर, दोन्हींवर हेच आकडे. ‘माणसं’ या कप्प्यात प्रत्येकाची वेगळी प्लॅस्टिकची पिशवी. बाकी कप्प्यांत आधी पोटविभाग करायची घाई नको. संगणकावर फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर करण्याचा मोह होतो. दोन पातळ्यांच्या खाली गेलात की कागद पुन्हा हरवला समजा.

अडचण येते ती दोन कप्प्यांत बसणाऱ्या कागदांची. गाडीचा विमा पैशात की गाड्यांत? मेडिक्लेम पैशात की तब्येतीत? इथे कागदाची जात बघू नका, तो कोण आणि कुठल्या प्रसंगी मागेल ते बघा. मेडिक्लेम दवाखान्याच्या काउंटरवर मागतात, म्हणून तो तब्येतीत. गाडीचा विमा रस्त्यावर किंवा गॅरेजमध्ये लागतो, म्हणून गाड्यांत. आयुर्विमा मात्र पैशात.

ग्रंथालयांपुढे हाच प्रश्न होता. ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण मांडलं, त्यात पुस्तकाला एकाच विषयाच्या खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू जोडून क्रमांक तयार होतो. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल असे पाच मूळ पैलू त्यांनी धरले. घरात एवढं शास्त्र लागत नाही, पण कल्पना उचलण्यासारखी आहे. कागद एकाच फाइलीत राहू शकतो. त्याच्या नावात मात्र कोण, काय, कुठलं, कधी हे सगळं बसवता येतं.

पायरी ४ : वही

दोनशे पानी फुलस्केप वही घ्या. प्रत्येक कप्प्याला वीस-पंचवीस पानं सोडा. रकाने असे : क्रमांक, कागदाचं नाव, कोणाच्या नावे, मूळ कुठे आहे, फाइल कुठे आहे, मुदत कधी संपते, शेरा.

क्रमांक साधा. २-०४ म्हणजे घर-जमीन या कप्प्यातला चौथा कागद. तोच क्रमांक कागदाच्या पिशवीवर पेन्सिलीने, तोच स्कॅनच्या नावात. मूळ कागदावर मात्र काही लिहू नका. कागद गेला तर क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, ओळीवर काट मारून तारीख टाकायची.

स्प्रेडशीट का नको, असं तरुण मंडळी विचारतील. जरूर करा, पण वहीनंतर. वही उघडायला पासवर्ड लागत नाही, आणि दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचा मेडिक्लेम शोधायची वेळ घरातल्या ज्या माणसावर येते, ते बहुधा स्प्रेडशीट उघडणारं नसतं. महिन्याकाठी भरलेल्या पानांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाकले की काम भागतं.

‘मूळ कुठे आहे’ हा रकाना सगळ्यात मोलाचा. गृहकर्ज चालू असेल तर खरेदीखत बँकेत असतं, तुमच्याकडे नुसती प्रत. तिथे ‘बँकेत’ असं लिहा आणि कागद जमा केल्याची पोचपावती त्याच क्रमांकाला लावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कुठले कागद दिले होते याची यादी तुमच्याकडे नसेल, तर मागणार तरी काय?

पायरी ५ : स्कॅन आणि नावं

स्कॅनचा बारकावा ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतो. फोनच्या स्कॅन ॲपने काढलंत तरी चालेल. फक्त उजेड सारखा हवा आणि कागदाच्या चारही कडा दिसायला हव्यात. खरेदीखताची मागची पानंही घ्या, शिक्के तिथेच असतात.

फाइलीचं नाव एकाच साच्यात : २-०४ खरेदीखत आई २००९-०३-१७. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दिवस पुढे लिहिला की संगणक एक तारखेचे सगळ्या वर्षांचे कागद एकत्र आणतो आणि क्रमाचा बोजवारा उडतो. आकडे एकाच लिपीतले वापरा. मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले तर शोधताना निम्म्या फाइली निसटतात. सातबारा अक्षरी लिहा, कारण आकड्यांमधली ती तिरकी रेघ विंडोज फाइलीच्या नावात घेत नाही. एकदा ‘सातबारा’ ठरवलं की पुढे ‘उतारा’, ‘जमीन’, ‘शेत कागद’ अशी नावं नकोत.

सरकारी पोर्टलवर चढवायला फाइल लहान करावी लागते, आणि काही ठिकाणी मराठी नाव किंवा नावातली मोकळी जागा चालत नाही. त्यासाठी वेगळी प्रत करा, ती ० मध्ये ठेवा, काम झालं की उडवा. मूळ स्कॅन दाबून लहान करू नका.

जुने कागद

ट्रंकेत मोडीतले कागद सापडले तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत टाकू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडीचे ४५ खंड १९३० नंतर छापले गेले, तरी मोडीतला कितीतरी मजकूर अजून वाचणाऱ्यांची वाट बघतोय. तुमच्या घरचा कागद तेवढा थोर नसेल, पण वाटणीचा किंवा गहाणाचा असू शकतो. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, त्यांना फोटो दाखवा.

आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांचं महत्त्व तर थेट आजचं आहे. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० या तारखांच्या आधीचे पुरावे मागतात. त्याआधीचा शाळेचा किंवा महसुली कागद घरात निघाला तर त्याला १ मध्ये स्वतंत्र पिशवी द्या आणि भाऊबंदांनाही स्कॅन पाठवा. पुढे त्यांच्या मुलांनाही तोच लागणार आहे.

कागद जपताना

मूळ कागद लॅमिनेट करू नका. ते परत निघत नाही, आणि मागचा शिक्का किंवा कागदाची जात तपासायची वेळ आली तर पंचाईत होते. स्टेपलच्या पिना पावसाळ्यात गंजून कागद खातात, त्या काढा. कोकणात आणि गोव्यात कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, तळाच्या खणात तर कागद नकोतच. कसर आणि वाळवी तिथूनच येते. दुकानाच्या आणि एटीएमच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने उमटवलेल्या असतात, वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात. फ्रिजची वॉरंटी अशा पावतीवर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा. तिला लॅमिनेट केलंत तर काळी पडेल.

पायरी ६ : तीन जागा आणि एक माणूस

स्कॅन केलेलं सगळं ड्राइव्हवर, घरच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह आपल्या घरात ठेवायचा नाही. बहिणीकडे किंवा भावाकडे द्या आणि वर्षातून एकदा उघडून बघा. गूगलची फुकट जागा १५ जीबी असते आणि ईमेल, फोटो सगळं त्यातच धरतात, म्हणून कागदांसाठी वेगळं खातं बरं पडतं. पण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा अधूनमधून लॉगिन करा. पासवर्ड, पिन आणि ओटीपीचा फोन कुणाचा ही माहिती वहीत नको. ती बंद पाकिटात, वेगळ्या जागी.

घरातल्या आणखी एका माणसाला वही उघडून दाखवा आणि त्याच्याकडून एक कागद शोधून घ्या. सापडायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर नावं बदला.

पायरी ७ : वर्षाची झाडाझडती

आर्थिक वर्ष संपल्यावर एप्रिलमध्ये बसा. आवक फोल्डर आणि ० कप्पा रिकामा करा. ‘मुदत’ रकाना वरून खाली वाचून पासपोर्ट, वाहनपरवाना, विमा, नॉन-क्रिमीलेअर, एफडी यांच्या तारखा फोनच्या कॅलेंडरवर चढवा. लाइट बिलं वर्षभराची पुरे. इन्कम टॅक्सची विवरणपत्रं आणि त्यांचे पुरावे सात-आठ वर्षं ठेवा. गावठाणातल्या घराच्या घरपट्टीच्या पावत्या कधीच टाकू नका.

३ क्रमांकाच्या कप्प्यात प्रत्येक खात्यापुढे नॉमिनी कोण नेमलाय ते लिहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. जुन्या पासबुकांत अशी खाती निघतील ज्यांना कोणी हात लावलेला नाही. दहा वर्षं हालचाल न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारसांना मागता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. वडिलांच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं पासबुकावर जशी वेगवेगळी असतील तशी सगळी टाकून बघा, आणि जे सापडेल ते वहीत पुढच्या मोकळ्या क्रमांकावर चढवा.