जुन्या ॲडव्हेंट स्पीकरची पारख कशी करावी

अमेरिकन स्पीकर-रचनाकार हेन्री क्लॉस यांचा ॲडव्हेंट हा स्पीकर १९६९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथून बाजारात आला आणि सत्तरच्या दशकात तिथल्या घराघरांत पोहोचला. माझ्या मते आज त्याची कदर होत नाही, ती याच कारणाने. जी वस्तू सगळ्यांकडे होती तिला दुर्मिळतेचा मान मिळत नाही. अशी जोडी जुन्या सामानात दिसली, तर ती नाकारण्यापूर्वी नीट तपासून पाहावी. व्हिनाइलचे आवरण असलेली पेटी अक्रोडाच्या लाकडी पेटीपेक्षा साधी दिसते, पण आतली यंत्रणा तीच असल्यामुळे वरच्या ओरखड्यांवरून काही ठरवू नये.

पुढची जाळी सांभाळून काढली की वूफरचा (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा) कोन, म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा, आणि चौकट यांना जोडणारी फोमची कड दिसते. हा फोम साधारणपणे पंधरा-वीस वर्षांत कुजतो आणि बोट लावताच त्याचा चिकट भुगा हाताला लागतो. अशा अवस्थेत स्पीकर वाजवून त्याच्याविषयी मत बनवणे अन्यायाचे आहे, कारण फाटक्या कडेतून हवा निसटते आणि खर्ज हरवतो. नवी कड चिकटवून घेता येते, त्यामुळे कुजलेला फोम हे भाव कमी करून मागण्याचे कारण असले, तरी वस्तू टाकून देण्याचे नव्हे.

कड शाबूत असेल, तर दोन्ही हातांची बोटे मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून कोन हलकेच आत दाबावा. खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारे तारेचे वेटोळे, घासत आहे असे समजावे. सोडल्यावर कोन झटकन न उसळता सावकाश जागेवर आला, तर पेटी हवाबंद आहे. या स्पीकरचे सारे मर्म त्या कोंडलेल्या हवेत आहे. एडगर विल्चर आणि क्लॉस यांनी १९५४ मध्ये ए.आर. (अकूस्टिक रिसर्च) या कंपनीतर्फे जी पद्धत रूढ केली, तिच्यात पेटीतली हवाच कोनाला स्प्रिंगसारखा आधार देते. अशा पेटीत खालचे स्वर दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरत जातात, तर भोक ठेवलेल्या पेटीत ते सुमारे २४ डेसिबलने कोसळतात.

हा फरक कानाने ओळखायचा असेल, तर तबल्याचे ध्वनिमुद्रण लावावे आणि डग्यावरच्या मींडेकडे लक्ष द्यावे. तळहाताच्या दाबाने स्वर वर सरकताना त्याचा घुमारा सलग ऐकू यायला हवा; मध्येच एखादाच स्वर फुगून आला तर स्पीकरला दोष देण्याआधी तो कोपऱ्यातून थोडा बाहेर काढून पाहावा. ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, मंद वाटल्यास मागचा तीन टप्प्यांचा स्विच बऱ्याच वेळा इकडेतिकडे सरकवावा, कारण त्याच्या जोडणीवर गंज धरतो. तेवढ्याने भागले नाही, तर क्रॉसओव्हरमधील (खालचे व वरचे स्वर वेगळे करून वूफर आणि ट्विटरला देणाऱ्या मंडलातील) जुने कपॅसिटर तपासून घ्यावेत.

शेवटी मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारे, ध्वनिमुद्रण लावावे. गायकाचा आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधून न येता एका बाजूला झुकला, तर अ‍ॅम्प्लिफायरकडच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. आवाज तरीही त्याच पेटीकडे राहिला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्यांच्या जागेत आहे, आणि बाजू बदलली तर तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या यंत्रणेत आहे.