सदनिकेचे मूल्य आणि भाडेकरूंच्या इमारतीचे मूल्य कसे काढावे

विश्रामबागेतील दोन शयनगृहांची सदनिका आणि गावभागातील एकाच मालकाची सहा बिऱ्हाडांची इमारत या दोन्ही मिळकती कागदोपत्री निवासीच असतात, परंतु त्यांचे मूल्य काढण्याची रीत एक नाही. सांगलीत वारसांच्या वाटणीसाठी किंवा कर्जाच्या तारणासाठी मूल्य काढताना, शेजारची सदनिका पंचवीस लाखांना विकली गेली म्हणून सहा बिऱ्हाडांची इमारत दीड कोटीची, असा गुणाकार पुष्कळदा केला जातो. तो चुकीचा आहे, कारण सहा सदनिका सहा निरनिराळ्या ग्राहकांना विकता येतात, तर ती इमारत तिच्यातील भाडेकरूंसह, एकाच दस्ताने, एकाच ग्राहकाला विकावी लागते.

म्हणून मोजपट्टी हातात घेण्यापूर्वी कागद पाहावेत. इमारतीच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेले असले तरी त्यावरून काही ठरत नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र नोंदवलेले असेल आणि प्रत्येक सदनिकेचा स्वतंत्र अपार्टमेंट दस्त असेल, तर ते कंडोमिनियम होय. तेथे सदनिकाधारक आपल्या सदनिकेचा मालक असतोच, शिवाय जमीन व सामायिक भाग यांत त्याचा ठरावीक टक्क्यांचा अविभाज्य हिस्सा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर भागपत्र पाहावे आणि अभिहस्तांतरण होऊन जमीन संस्थेच्या नावे झाली आहे का, हे मिळकत पत्रिकेवरून तपासावे. यांपैकी काहीच नसेल आणि मिळकत पत्रिकेवर एकच मालक किंवा एकाच घरातील सहहिस्सेदार असतील, तर कितीही स्वयंपाकघरे असोत, मूल्यांकनासाठी ती एकच मिळकत धरावी.

सदनिकेसाठी तुलनात्मक पद्धत सर्वांत विश्वासाची. त्याच इमारतीतील, नाहीतर त्याच परिसरातील अलीकडच्या तीन-चार विक्रींच्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या गोषवाऱ्याच्या, प्रती घ्याव्यात आणि मजला, उद्वाहक, वाहनतळ, इमारतीचे वय यांतील फरकानुसार दरात वाढ-घट करावी. येथे क्षेत्रफळाचा घोटाळा सर्वाधिक होतो. दोन सदनिका एक हजार चौरस फुटांच्या म्हणून विकल्या गेल्या, पहिली अठ्ठावीस लाखांना व दुसरी तीस लाखांना, असे समजा. पहिलीचे चटई क्षेत्र, म्हणजे आतील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र, ७०० आणि दुसरीचे ८०० चौरस फूट निघाले, तर चटई क्षेत्रावरील दर अनुक्रमे ४,००० व ३,७५० रुपये येतो, म्हणजे महाग दिसणारी सदनिकाच प्रत्यक्षात स्वस्त ठरते. म्हणून सर्व तुलना चटई क्षेत्रावरच करावी. त्यातही २०१६ च्या स्थावर संपदा (रेरा) कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाल्कनी धरली जात नाही, हे जुन्या दस्तांशी ताडून पाहताना विसरू नये. वार्षिक मूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनरमधील) दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो जवळ ठेवावा, पण त्यालाच बाजारमूल्य समजू नये.

सदनिकेच्या मूल्यात चार भिंतींबाहेरचेही पुष्कळ काही असते. संस्थेचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला निधी, नियमित जमा होतो का, हे विचारावे. आदर्श उपविधींनुसार तो दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के असावा लागतो. निधी रिकामा असलेल्या पंचवीस वर्षांच्या इमारतीत पुढील मोठ्या दुरुस्तीचा भार नव्या खरेदीदारावरच पडणार, तेव्हा ती रक्कम मूल्यातून वजा करणे न्याय्य आहे.

भाडेकरूंच्या इमारतीत पहिला कागद म्हणजे भाड्याची यादी: प्रत्येक खोलीत कोण राहतो, किती भाडे देतो आणि कोणत्या हक्काने राहतो. यांतील तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहणाऱ्याला मुदत संपल्यावर जागा सोडावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असलेल्या जुन्या भाडेकरूला तसे काढता येत नाही, आणि त्याचे भाडे साधारणपणे वर्षाला चार टक्क्यांनीच वाढवता येते. तीनशे रुपयांचे भाडे पुढच्या वर्षी तीनशे बारा होते.

उदाहरणादाखल पाच बिऱ्हाडे महिना ६,००० रुपये आणि एक जुना भाडेकरू ३०० रुपये देतो असे धरू. वर्षाचे एकूण भाडे ३,६३,६०० रुपये होते. घरपट्टी, दुरुस्ती, विमा, देखरेख आणि खोली रिकामी राहण्याचा काळ यांसाठी पंचवीस टक्के वजा केल्यास निव्वळ उत्पन्न २,७२,७०० रुपये उरते. पाच टक्के परतावा धरून त्या उत्पन्नाला वीसने (१०० ÷ ५) गुणल्यास ५४,५४,००० रुपये येतात. हे टक्के समजावण्यापुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात ते तशाच इमारतींच्या विक्रीवरून काढावेत. दीड कोटीचा गुणाकार येथे पार कोसळतो.

तरीही एवढ्यावर थांबू नये. त्या भूखंडाचीच किंमत पंचाहत्तर लाख असेल आणि सहापैकी पाच बिऱ्हाडे करार संपताच रिकामी होणार असतील, तर समंजस खरेदीदार भाडे नव्हे, जमीन पाहतो. अशा वेळी जमिनीची किंमत, तिच्यात मिळवलेले इमारतीचे घसारा वजा जाता उरलेले मूल्य आणि त्या बेरजेतून जुन्या भाडेकरूच्या हक्कापोटी योग्य वजावट, असा हिशेब करावा. उलट सहाही भाडेकरू संरक्षित असतील तर वर्षाचे भाडे २१,६०० रुपयेच येते, जमीन मोकळी होण्याची खात्री नसते आणि मूल्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी, पुनर्विकासाच्या शक्यतेनुसार, ठरवावे लागते. अमेरिकेतही गृहकर्जासाठी अनेक वर्षे कंडोमिनियम सदनिकेचा अहवाल १०७३ क्रमांकाच्या आणि दोन ते चार कुटुंबांच्या इमारतीचा अहवाल १०२५ क्रमांकाच्या निराळ्या नमुन्यात दिला जात होता; दुसऱ्यात भाड्याचा तपशील भरावाच लागे.

सांगलीत आणखी एक तपासणी अपरिहार्य आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी कोठवर आले, मिळकत निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) किंवा लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या आत आहे का, हे नकाशावर पाहावे आणि शेजाऱ्यांना विचारून भिंतीवरील खूण प्रत्यक्ष मोजावी. सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर पाणी शिरत नाही, म्हणून तेथील दर तळमजल्यापेक्षा टिकून राहतो. मात्र तळघरातील पंप, मीटर आणि उद्वाहक बुडाले तर त्यांच्या दुरुस्तीचा खर्च वरच्या मजल्यांनाही वाटून येतो. भाडेकरूंच्या इमारतीत हा सगळा भार एकट्या मालकावर पडतो, शिवाय बिऱ्हाडे उठून गेल्यावर काही महिन्यांचे भाडेही बुडते. त्यामुळे तेथे जमिनीचा दर ठरवताना पूररेषेचा विचार करावा आणि उत्पन्नाच्या हिशेबात खोल्या रिकाम्या राहण्याचा काळ अधिक धरावा. मात्र एकाच नुकसानीपोटी दोन्हीकडे पूर्ण वजावट घेतली जात नाही ना, हे अहवालावर सही करण्यापूर्वी पुन्हा पाहावे.