मेलबर्नला लेकीकडे गेलात तर वालहाला असं बघा

पुण्याहून मेलबर्नला मुलांकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रह करते, एक अख्खा दिवस वालहालासाठी ठेवा. डोंगरांच्या चिंचोळ्या घळीतलं, जेमतेम वीसेक वस्तीचं, सोन्याच्या जुन्या खाणींचं गाव. इथे वीज आली ती 1998 मध्ये.

आधी खाणीच्या फेरीच्या आणि छोट्या आगगाडीच्या वेळा बघा, मगच दिवस ठरवा. गाडी रोज धावत नाही. आम्ही पहिल्यांदा मंगळवारी गेलो आणि रिकामा फलाट बघून परतलो. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत झालेली, त्यांना फार चुटपुट लागली. पेट्रोल वाटेत मो गावात भरून घ्या, पुढे फोनच्या रेंजचाही भरवसा नाही. जुलैत तिकडे ऐन थंडी असते, कानटोपी हवीच.

खाणीत शिरल्यावर वर बघत चला. आमच्या गाइडने बॅटरी मारली तेव्हा काळ्या खडकात गारगोटीचा पांढरा पट्टा दिसला, लुगड्याच्या काठासारखा. सोनं असायचं ते त्यात. खणायचं, फोडायचं, कुटायचं, तेव्हा कुठे कण हाती. एकट्या लाँग टनेल खाणीतून 1914 पर्यंत 13 टनांहून जास्त सोनं निघालं. यंत्रांच्या बॉयलरना लाकूड लागायचं, त्यापायी आजूबाजूचे डोंगर बोडके झाले. तेव्हाचे फोटो गावात बघायला मिळतात. ते आधी नीट बघा आणि मग बाहेर येऊन त्याच डोंगरांकडे बघा. आताचं हिरवं रान पुन्हा उगवलेलं आहे. मला तर खाणीपेक्षा हेच जास्त भावलं.

दफनभूमी चुकवू नका. उतार इतका उभा आहे की काठी हवी आणि एकमेकांचा हात धरायला हवा. घाई न करता दगडांवरची वयं वाचा. ज्या नेड स्ट्रिंगरने इथल्या सोन्याचा दावा जानेवारी 1863 मध्ये नोंदवला, तो त्याच वर्षी वारला. रेल्वे इथे पोचली 1910 मध्ये, म्हणजे खाणी संपत आल्यावर. ह्यांना ते ऐकून गलबलून आलं.

गुडघे साथ देत असतील तर क्रिकेटच्या मैदानावर जा. सपाट जागाच नव्हती, म्हणून खाणवाल्यांनी डोंगराचा माथा कापून ते केलं. चढ पर्वतीपेक्षा बराच लांब आहे, थांबत थांबत चढा. थालीपीठं बांधून न्या, वर बसून खा.