उन्हाळी मलप्रभेवर पिसाची माशी: बिनरिळाच्या काठीने मासेमारी

होळी झाली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या वरच्या अंगाला मलप्रभा गुडघ्याएवढी उरते. तळाचे गोटे दिसू लागतात, पाणी नितळ होते, आणि गांडूळ लावून बुचाकडे बघत बसण्यापेक्षा पिसाची माशी, म्हणजे गळावर पीस बांधून केलेला खोटा किडा, जास्त मासे देते. कारण साधे आहे. या दिवसांत खळाळात राहणारे छोटे मासे पाण्यावर पडणाऱ्या किड्यांवर जगतात आणि दिवसभर वरच डोळा ठेवून असतात.

अशा माशीने मासे धरणे म्हणजे फ्लाय फिशिंग, हे मुळात थंड पाण्यातले तंत्र. ट्राउट, आणि समुद्रात जाऊन पुन्हा नदीत चढणारा रेनबो ट्राउट म्हणजे स्टीलहेड, यांच्यासाठी ते वाढले. आपल्याकडे ट्राउट काश्मीरच्या नद्यांत, निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरात आहे. पाणी वीस अंशांच्या वर गेले की त्याचा जीव कासावीस होतो, त्यामुळे मलप्रभा, हिरण्यकेशी किंवा घटप्रभेत तो जगणार नाही. पण माशी टाकण्याची रीत जशीच्या तशी इथे चालते. इथे ती घेणारे मासे म्हणजे अंगावर निळ्या-पिवळ्या लांब रेघा असलेला छोटा मासा, बाजूंवर उभे पट्टे असलेले खळाळातले चपळ मासे, खवलेवाली छोटी जात, आणि नशीब असेल तर वीतभर महसीर. गावागणिक नावे बदलतात, म्हणून दिसण्यावरून ओळखावे.

महागडा रॉड आणि रीळ लागत नाही. आपली नदी या दिवसांत दहा-बारा पावलांची असते. काठीच्या शेंड्याला कायमचा दोरा बांधला की काम भागते, उलट दोरा आटोक्यात राहतो.

काठी

आपल्या भागात मेसकाठी मिळते, ती आतून भरीव असते. भरीव असल्याने चिरत नाही, पण जडही असते. म्हणून बुंध्याकडचा जाड भाग टाकून शेंड्याकडचा अकरा फुटांचा तुकडा घ्यावा. मुठीपाशी अंगठ्याएवढी जाड आणि टोकाला आगपेटीतल्या काडीएवढी, अशी निमुळती असावी. थंडीत तोडलेली काठी घ्या, कारण पावसाळ्यातल्या ओल्या बांबूला भुंगा लागतो. तोडल्यावर दोन महिने सावलीत आडवी ठेवून वाळवा, उन्हात टाकली तर वाकडी होते. पेरापाशी वाक असेल तर ती जागा निखाऱ्यावरून फिरवत तापवा, जाड फडक्यात धरून हळू सरळ करा आणि गार होईपर्यंत तशीच दाबून धरा. एकाच जागी निखाऱ्यावर धरली तर साल करपते आणि पुढे तिथेच मोडते.

काठी पारखायची ती अशी: मूठ धरून शेंडा हलवा. वरचा तिसरा हिस्सा सळसळला पाहिजे. सगळी काठी डुलत असेल तर ती माशीसाठी मऊ आहे. अजिबात हलत नसेल तर ती गांडुळाच्या गळाला ठेवा.

शेंड्याला जाड सुती दोऱ्याचा इंचभर फास पक्का गुंडाळून बांधा आणि वरून डिंक किंवा नेलपॉलिश लावा. दोरा या फासाला अडकवायचा.

दोरा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. नुसते तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) बांधले तर ते वजनाला हलके पडते आणि माशी पुढे जात नाही. माशीला वजन नसते, तिला दोऱ्याचे वजनच घेऊन जाते. म्हणून दोरा काठीकडे जाड आणि माशीकडे बारीक, असा उतरता हवा.

०.२० मिलिमीटरचे तंगूस घ्या. अकरा फुटांचे दोन पदर एकत्र करून एक टोक खिळ्याला बांधा, दुसऱ्या टोकाला लोखंडी नट लटकवा आणि नट एकाच दिशेने फिरवत राहा. पीळ भरला की मध्ये चिमटीत धरून दोन्ही टोके एकत्र आणा. सोडताच दोरा आपोआप उलट पिळला जाऊन चार पदरी होतो, आणि मुडपलेल्या जागी तयार फास मिळतो. हा सुमारे पाच फूट भरतो. असेच नऊ फुटांचा एकच पदर पिळून दुमडला की चार फुटांचा दोन पदरी तुकडा होतो. टोके आठाच्या गाठीने बंद करा. आधी चार पदरी, त्याला दोन पदरी, आणि शेवटी ०.१४ किंवा ०.१६ मिलिमीटरचे एकेरी तंगूस तीन फूट. सगळा मिळून दोरा काठीपेक्षा फूटभर जास्त. त्याहून लांब केला तर मासा हाताशी आणता येत नाही.

पीळ जास्त झाला तर दोरा सैल सोडताच वेटोळी घालतो. तसे झाले तर एक टोक मोकळे करून थोडा उलगडू द्या. कमी झाला तर पदर सुटे पडून गाठी बसतात. पिळलेल्या भागावर मेणाचा खडा फिरवा, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो.

माशी बांधणे

गळाचा आकडा जितका मोठा तितका गळ छोटा, हे लक्षात ठेवा. आपल्याला १२ किंवा १४ नंबरचा लागतो. त्याचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. मासा सोडणे सोपे जाते, आणि आपल्या बोटात घुसला तरी सहज निघतो.

पीस देशी कोंबड्याच्या मानेचे. ब्रॉयलरचे पीस मऊ आणि पसरट असते, ते उपयोगाचे नाही. बाजारात देशी कोंबडा कापणाऱ्याकडे मानेची पिसे मागा, तांबडी आणि काळी दोन्ही घ्या. कोंबड्याचे पीस ताठ असते, त्याची माशी तरंगते. कोंबडीचे मऊ पीस पाणी पिते आणि माशी वितभर खाली बुडते. दोन्ही कामाच्या आहेत.

पक्कडीच्या मुठीला रबर बँड लावला की ती गळ धरून ठेवते. दोरा भरतकामाचा घ्यावा. त्यात सहा पदर असतात, एकच सोडवून मेण लावून वापरा. दोरा जाड असला तर नेढ्यापाशी गठ्ठा होतो.

नेढ्यामागे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडून दोरा गुंडाळायला सुरुवात करा आणि वाकापर्यंत जा. तिथे काळ्या किंवा तपकिरी लोकरीचा एक बारीक पदर बांधा, दोरा परत पुढे आणा, लोकर गुंडाळत पुढे आणून बांधा. अंग गळाच्या दांडीपेक्षा फार जाड नको. आता पिसाच्या बुडाचा कापूस उपटून टाका. पिसाचे केस गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांतल्या अंतराच्या, दीडपट लांब असावेत. देठ नेढ्यामागे बांधा, टोक चिमटीत धरून तीन वेढे द्या, प्रत्येक वेढा आधीच्या पुढे. टोक बांधून कापा. शेवटी चार फासगाठी आणि नेलपॉलिशचा एक थेंब, नेढ्याला न लागता. लागलाच तर ओला असतानाच नेढ्यातून एक पिसाचा केस ओढून साफ करा.

पहिल्या दहा माश्यांमध्ये नेढे पिसाने आणि दोऱ्याने भरून जाते, ही सगळ्यांची चूक. सुरुवातीला सोडलेली दोन मिलिमीटर जागा नंतर हाताच्या घाईत खाल्ली जाते. जागा मोजूनच सोडा. पाच-सहा वेढे देऊन केलेली भरदार माशी आपल्याला छान दिसते, माशाला नाही. ती ब्रशासारखी आपटते आणि मासा पळतो.

दोन प्रकार पुरतात. मार्च-एप्रिलला काळी, छोटी, १४ नंबरची. वळीव पडल्यावर संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती दिव्याभोवती आणि पाण्यावर पडते. त्या दिवसांत तांबूस तपकिरी, १२ नंबरची, पीस जरा लांब. वळवानंतर पाणी गढूळ झाले तर दोन दिवस थांबा. निवळते पाणी, त्यावर पडलेली वाळवी आणि संध्याकाळ, यापेक्षा चांगली वेळ वर्षात नाही.

पाणी वाचणे

डोहाच्या मध्यभागी माशी टाकून वेळ घालवू नका. जिथे खळाळ डोहात उतरतो, त्या तोंडाशी फेसाची एक रेघ खाली जाते. किडे त्याच रेघेतून वाहतात आणि मासे तिच्या दोन्ही कडांना तोंड वर करून उभे असतात. दुसरी जागा मोठ्या दगडाच्या मागे, धार दुभंगून पुन्हा मिळते तिथली शांत पट्टी. तिसरी, पाण्यावर वाकलेल्या उंबराखाली. फळ पडले की टपकन आवाज होतो आणि मासे धावतात. तिथे माशी हळू टाकण्यापेक्षा जरा आपटूनच टाकावी.

नितळ पाण्यात मासा तुम्हाला आधी बघतो. पांढरा सदरा नको, मळका किंवा हिरवा घाला. सूर्य समोर ठेवा म्हणजे सावली मागे पडते. खालून वर चढत जा, कारण मासा धारेकडे तोंड करून असतो आणि मागचे त्याला कमी दिसते. पाय गोट्यावर घासू नका, तो आवाज पाण्यात लांब जातो. एका जागी दोन मासे लागले की दहा मिनिटे सोडून पुढच्या डोहाकडे चला.

सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर काळोख पडेपर्यंत. मधल्या वेळी मासा खोल सावलीत बसतो.

टाकणे

मूठ हलकी धरा, तर्जनी काठीवर सरळ. काठी उचलून डोक्याच्या किंचित मागे न्या आणि थांबा. मनात ‘एक’ म्हणण्याइतकेच. दोरा मागे सरळ होऊ द्या, मग पुढे ढकलून काठी नजरेच्या उंचीवर थांबवा. ताकद मनगटाची, खांद्याची नाही. मागे न थांबता पुढे फटकारले तर चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. पुढे फार जोर लावला तर दोरा आधी पाण्यावर आपटतो. टाकण्यापूर्वी मागे करंजाच्या फांद्या आहेत का, हे दर वेळी बघा.

माशी पडली की काठीचा शेंडा उंच ठेवा. पाण्यावर फक्त शेवटचे बारीक तंगूस टेकले पाहिजे. जाड दोरा टेकला की धार त्याला ओढते, माशी पाण्यावर रेघ काढत जाते आणि मासा तिला शिवत नाही. जवळून फेसाचा बुडबुडा जात असेल तर त्याच्याच वेगाने माशी गेली पाहिजे. पुढे गेली किंवा मागे राहिली तर उचला आणि परत टाका.

पाणी फुटले, चमक दिसली, किंवा बुडालेल्या माशीचा दोरा थबकला, की मनगट वर करा. हिसका नको. मासा एका क्षणात पीस थुंकतो, म्हणून उशीरही नको. मासा सारखा चुकत असेल तर माशी मोठी आहे, एक नंबर छोटी लावा.

मोठा मासा लागला तर रीळ नाही हे ध्यानात ठेवा. काठी आडवी करून त्याला बाजूला वळवा, त्याच्याबरोबर काठाने चाला. तो सरळ दूर पळाला आणि काठी-दोरा एका रेषेत आले, तर तंगूस तुटणारच.

काय ठेवावे, काय सोडावे

एप्रिलनंतर धार तुटते आणि नदीचे सुटे डोह होतात. त्या डोहांत उरलेले मासेच मृगाच्या पाण्यात वर चढून अंडी घालणार. नदीची पुढची सगळी पैदास तिथे कोंडलेली असते. म्हणून धार तुटली की सुट्या डोहावर माशी टाकू नये, हे आम्ही कळकळीने सांगतो. महसीर कितीही छोटा असो, सोडावाच. पोट फुगीर मादीही. उथळ पाण्यात तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला तर खाली मरळ राखण करत असते. तिला पकडले तर इतर मासे ती पिल्ले खाऊन टाकतात.

सोडताना हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. मासा पाण्यातच धरून गळ काढा, तोंड धारेकडे करा आणि तो आपण होऊन निसटेपर्यंत धरा. कोमट पाण्यात हवा कमी असते, दमलेला मासा धारेविना मरतो.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे म्हादईच्या वरच्या पाण्यात, गळ टाकायचा नाही. हब्बनहट्टी आणि असोग्याच्या देवळांपुढचे डोहही सोडावेत. बाकी ठिकाणी तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करा. भोई-कोळ्यांनी जाळे लावले असेल तर लांब राहा. सुरुंग आणि विषाला १८९७ पासून कायद्याने बंदी आहे.

हिडकलच्या खाली घटप्रभेत धरणाचे पाणी अचानक चढते, मधल्या दगडावर उभे राहू नका. वाळू उपसलेल्या जागी गुडघ्याएवढ्या पाण्यापुढे एकदम माणूसभर खड्डा असतो, काठीने चाचपूनच पाय टाका. काठावर मोटारींच्या वायरी लोंबतात. ओली मेसकाठी त्यांना टेकवू नका.

घरी आल्यावर दोरा सोडवून ताटलीएवढ्या कड्यात गुंडाळा, सावलीत वाळवा. ओल्या माश्या डबीत टाकल्या तर गळ गंजतात आणि पिसाला कसर लागते. त्या कागदावर रात्रभर ठेवून मग डबीत भरा, सोबत एक डांबरगोळी. काठी शेंडा वर करून भिंतीला उभी टांगा.