पणजोबांच्या लष्करी कोटावरच्या पट्ट्या वाचताना या चुका टाळा

माळ्यावरची ट्रंक उघडली, खाकी कोट निघाला, बाहीवर तीन पट्ट्या दिसल्या की घरात ठरूनच जातं: पणजोबा हवालदार होते! पहिली गफलत इथेच होते.

पट्ट्या मोजण्याआधी त्या कुठे आहेत आणि त्यांचं टोक कुठे वळलंय ते बघा. हुद्द्याच्या पट्ट्या दंडावर असतात, टोक खाली. पायदळात एक लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. मनगटाच्या बाजूला, टोक वर असलेल्या पट्ट्यांचा हुद्द्याशी संबंध नाही. उजव्या बाहीवर असतील तर त्या सेवेच्या. डाव्या बाहीवर असतील तर चांगल्या वर्तणुकीच्या, आणि त्या बहुधा साध्या शिपायाच्या अंगावर दिसतात. पणजोबा शिपाई निघाले म्हणून हिरमुसू नका. वर्षानुवर्षं निष्कलंक नोकरी केल्याशिवाय ती पट्टी मिळत नसे.

रंगाकडे दुर्लक्ष ही दुसरी चूक. पहिल्या महायुद्धात सेवेची लाल पट्टी एकच असायची, ३१ डिसेंबर १९१४ पर्यंत परदेशी आघाडीवर पोहोचलेल्यांसाठी. पुढच्या दर बारा महिन्यांना एक निळी. १९१४ मध्येच फ्रान्सला गेलेल्या २० व्या डेक्कन हॉर्स या घोडदळातल्या स्वाराच्या बाहीवर खाली लाल आणि वर निळ्या पट्ट्या शोभतात. सगळ्याच लाल असतील तर कोट दुसऱ्या महायुद्धातला समजा. तेव्हा युद्धसेवेच्या दर वर्षाला एक लाल पट्टी होती. जुन्या फोटोवरून मात्र रंग ठरवू नका. त्या काळच्या फोटो काढायच्या बऱ्याच काचांवर लाल रंग काळा उमटायचा आणि निळा फिकट.

जखमेची पट्टी सरळ, उभी, सोनेरी जरीची, सुमारे दोन इंचांची; डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर. ती १९१६ मध्ये सुरू झाली. जरीचा धागा काळवंडतो, आणि निघालेला दोरा समजून कुणीतरी पट्टी उसवून टाकतं. फार वाईट वाटतं असं पाहिलं की. पट्टी गेली असेल तर कापड उजेडात तिरकं धरा: सुईची भोकं आणि न विटलेला गडद उभा चट्टा दिसेल. एका पट्टीचा अर्थ एक जखम असाही नाही. एकाच वेळी तीन गोळ्या लागल्या तरी पट्टी एकच. कोट धुऊ नका, जरीची पट्टी चिंचेने घासू नका.

आपल्या भागातली खास चूक म्हणजे ‘हैदराबाद’ हे नाव दिसलं की निजामाची फौज धरून चालणं. औरंगाबाद, हिंगोलीच्या छावण्यांतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या) पलटणी १९०३ मध्येच इंग्रजांच्या हिंदी सैन्यात सामील झाल्या. तिथली पायदळं १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट. तिचं केंद्र राणीखेतला आहे. निजामाचे स्वतःचे घोडेस्वार, हैदराबाद लान्सर्स, वेगळे. ते इजिप्त-पॅलेस्टाईनमध्ये लढले. कोटासोबत पहिल्या महायुद्धाचं गोल चांदीचं पदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली फिरवून बघा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. पणजोबांच्या नोकरीची माहिती मागणारं पत्र कुठे पाठवायचं ते त्या पलटणीवरून ठरवा.