ट्रेमधली लाट मोजा, मग जुहूला जा

लाट पुढे जाते, पाणी मात्र जवळपास जागेवरच राहतं. पुढे सरकते ती ऊर्जा. हे पाहायला ४० सेंटिमीटर लांबीचा, सपाट तळाचा चौकोनी ट्रे पुरतो. गोल परात नको. तिच्या काठावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि मोजायचं काय तेच कळेनासं होतं.

ट्रे ओट्यावर ठेवा. मोरीत, गॅलरीत फरशीला उतार असतो. १ सेंटिमीटर पाणी भरा आणि चारही कोपऱ्यांत पट्टीने खोली तपासा. फरक दिसला तर खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. आता लांबीच्या एका टोकाची बाजू तीन-चार मिलिमीटर उचला, पाणी स्थिरावू द्या आणि पटकन खाली टेकवा. पाण्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असेल तर लाटेचा फुगवटा स्पष्ट दिसतो. तो दोनदा जाऊन परत येईपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा. एकदाच जातानाचा वेळ घेतलात, तर बटण दाबायला होणारा उशीरच उत्तर बिघडवतो.

साधारण ५.१ सेकंद यायला हवेत. पाणी २ सेंटिमीटर केलं की ३.६. खोली दुप्पट झाली तरी वेग १.४ पटच वाढला, कारण उथळ पाण्यात वेग = √(९.८ × खोली), खोली मीटरमध्ये. वेळ फारच कमी भरत असेल तर ट्रे जास्त उचलला जातोय: मोठा फुगवटा जरा वेगाने धावतो.

मध्यभागी थर्मोकोलचा मणी सोडा. तो मागेपुढे झुलतो, पण लाटेबरोबर निघून जात नाही. कापराची वडी मात्र टाकू नका, ती लाट नसतानाही पाण्यावर आपली आपण पळते.

मग ओहोटीला जुहूला जा. एकाच जागी नजर ठेवून लाटांचे लागोपाठ ११ माथे मोजा आणि लागलेल्या वेळाला १० ने भागा (११ ने नव्हे, ही चूक हमखास होते). ८ सेकंद आले, तर खोल समुद्रात त्याच लाटेची लांबी १.५६ × ८ × ८, म्हणजे सुमारे १०० मीटर होती. किनाऱ्याकडे वेग घटतो, माथे जवळ येतात, उंची वाढते आणि लाट फुटते.

१ मीटर उंचीच्या लाटेत समुद्राच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण १,२५० ज्यूल ऊर्जा असते, २ मीटरच्या लाटेत चौपट. पावसाळ्यात बातम्यांत येणारा ‘४.५ मीटर’ हा आकडा भरतीच्या पातळीचा असतो, लाटेची उंची त्यावर आणखी. त्या वेळी मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरू नका.