ब्लू पॉपी शोधताना या चुका टाळा

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानाला जाऊन आलेले कितीतरी जण सांगतात, "सगळं दिसलं, ब्लू पॉपी, ते हिमालयातलं निळं फूल, तेवढी राहिली." बहुतेकदा फूल तिथेच असतं, आपण भलतीकडे बघत असतो.

पहिली चूक म्हणजे तिला गवताळ मैदानात शोधणं. पश्चिम हिमालयातली ही पॉपी, मेकोनॉप्सिस अ‍ॅक्युलिआटा, खडकात रमते. साधारण ३,००० मीटरच्या वर, दगडांच्या फटींत, घसरड्या उतारांवर, जिथे ओल असते पण पाणी साचत नाही, अशा जागी ती मुळं रोवते. म्हणून व्हॅलीच्या पायथ्याच्या घांघरिया गावाहून हेमकुंड साहिब गुरुद्वाराकडे चढताना वाटेकडेच्या कातळांवर नजर ठेवा. सपाट कुरणात ती मिळण्याची आशा कमीच.

जूनमध्ये किंवा सप्टेंबरअखेर जाऊन तिच्यासाठी हळहळू नका. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा तिचा खरा काळ, म्हणजे ऐन पावसाचा. थोडा उशीर झालाच, तर दांड्याच्या खालच्या कळ्या पाहा. हिच्यात शेंड्याचं फूल आधी उमलतं आणि बहर वरून खाली सरकतो.

निळं दिसलं की पॉपी, हा घोटाळाही नेहमीचा. त्याच उतारांवर निळं जिरॅनियम असतं, विषारी बचनागाच्या जातीही असतात. खूण काट्यांची. अ‍ॅक्युलिआटा म्हणजेच काटेरी. दांडा, पानं, कळी, बोंड, सगळ्यांवर ताठ काटे. पाकळ्या रेशमी कागदासारख्या पातळ आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. रंगावर मात्र विसंबू नका, तो आकाशी निळ्यापासून जांभळटापर्यंत बदलतो.

सगळ्यात मोठी चूक "बहुवर्षायू" या शब्दाने होते. दरवर्षी फुलणारं झाड असेल, एक फूल तोडलं तर काय बिघडलं, असं वाटतं. पण ही पॉपी काही वर्षं जमिनीलगत पानांचा झुबका होऊन जगते. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं, बर्फाखाली जाड सोटमूळ तेवढं जिवंत राहतं. पुरेसं बळ साठलं की एकदाच दांडा वर येतो, ती फुलते, बी धरते आणि मरते. आयुष्यातला तो एकच बहर. तोडलेल्या फुलाचं बी गेलं ते गेलंच. फोटोसाठी कडेच्या दगडांवर चढताना फुलं न आलेले झुबकेही पायाखाली जातात. त्यांची फुलण्याची वर्षं अजून पुढे आहेत, म्हणून पाय टाकण्याआधी खाली बघाच.

बी खिशात घालून आणायचा मोह होतो. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायला बंदी आहे, आणि आणलं तरी उष्ण हवेत ते रोप तग धरत नाही. त्याला लांब, थंड हिवाळा लागतो आणि उन्हाळाही गारच लागतो.

शेवटची एक शंका, पॉपी म्हणजे अफूचंच झाड ना? अफू देणारी पॉपी वेगळ्या प्रजातीची, पापाव्हेर. ब्लू पॉपीतून अफू निघत नाही.